मतं पटत नाहीत अशा नेत्याला जेवायला बोलवायचं झालं तर?

कांदेनवमी

नमस्कार मंडळी. मला शरद जोशींना एकदा जेवायला बोलवायचं होतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी. २०१५ च्या डिसेंबरात ते गेले, त्यामुळे आता ते होणं नाही, पण इच्छा काही जात नाही. मी त्यांची अनुयायी नाही. त्यांच्या एका कृतीचा मला आजही राग आहे आणि त्यासाठीच त्यांना समोर बसवायचं होतं.

माझं माहेर चांदवड तालुक्यातलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं तेव्हा माझी आई आणि दोन्ही काकू गेल्या होत्या. आठवड्याचा बाजार आणि लग्नकार्य सोडलं तर गावाबाहेर न पडणाऱ्या बायका या. शेतातलं निम्म्याहून जास्त काम बाई करते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच कुणा पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं. पुढे संघटनेचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्याने राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. आमच्या दादांनी केला. आईचं नाव आज सातबाऱ्यावर आहे ते या माणसामुळे.

आणि हाच माणूस ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत देतो! १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. आई टीव्हीपुढून उठून गेली. "बाईला जमीन द्या म्हणाला आणि खुर्ची नको म्हणतो?" एवढंच बोलली.

राखीव मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून ठरणार, दर निवडणुकीला फिरणार, मग मतदारसंघाची निगा राखणार कोण, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो पटला नाही, अजून पटत नाही. पक्ष आपणहून बायकांना तिकिटं देत नाहीत हे आपण इतकी वर्षं बघतोय.

म्हणून त्यांना ओट्यावर बसवायचं, बाजरीची भाकरी, पातीच्या कांद्याची पीठ पेरलेली भाजी, शेंगदाण्याचा ठेचा वाढायचा आणि विचारायचं. सभेत नाही, चॅनलवर नाही. सभेत माणूस गर्दीशी बोलतो, मला ते माझ्या आईशी बोलायला हवे होते.

तुम्ही कोणाला बोलवाल? अट एकच, मत पटत नसलेला नेता हवा. हयात, दिवंगत, कोणीही. आणि काय विचाराल तेही लिहा.

खवय्या_करवीर

तांबडा-पांढरा असेल तर कुठल्याही पक्षाचा चालेल. फक्त भांडण सोलकढीनंतर सुरू करू, रस्सा गार होतो.

ऑरेंजसिटी

चांगला विषय. आमच्या नागपुरात दर हिवाळ्यात हा प्रश्न येतो. मी बरीच वर्षं विधिमंडळाचं वार्तांकन केलंय. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात, मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात रामगिरी बंगल्यावर. विरोधी पक्षांची बैठक होते, बहिष्कार जाहीर होतो, कारणांचं लांबलचक पत्र निघतं. मग मुख्यमंत्री पत्रकार परिषदेत त्याला उत्तर देतात. आघाडीचं सरकार होतं तेव्हा युतीने बहिष्कार घातला, २०१४ नंतर आघाडीने घातला, महाविकास आघाडीच्या काळात पुन्हा भाजपने. कोणा एका पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही.

मला हे मनापासून खटकतं. चहाला गेलं तर विरोध मऊ पडला असं कार्यकर्ते म्हणतील, ही भीती. पण रामगिरीवर जाऊन, कप हातात घेऊन, तेच पत्र मुख्यमंत्र्यांच्या हातात दिलं तर कुठला विरोध कमी होतो? नागपूरला अधिवेशन भरतं तेच मुळी १९५३ च्या नागपूर करारामुळे, विदर्भाचं म्हणणं विदर्भात येऊन ऐकावं म्हणून. आणि इथे आल्यावर पहिलं काम काय, तर एकमेकांसोबत न बसणं.

माझा पाहुणा म्हणाल तर यशवंतराव चव्हाण. माणूस म्हणून आदर आहे, पण मी वेगळ्या विदर्भाचा. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळा विदर्भ सुचवला होता. तो बाजूला ठेवून आम्हाला १९६० च्या महाराष्ट्रात आणताना समान विकासाचा शब्द दिलात, तो कोणाच्या भरवशावर दिलात, हे विचारीन. जेवणात सावजी. कराडच्या माणसाला तिखटाचं भ्या नसावं.

मिसळ_महाराणी

@ऑरेंजसिटी, पुण्यात उलट चित्र आहे. फर्ग्युसन रस्त्यावरचा वाडेश्वर कट्टा ऐकून असाल. निवडणुकीत समोरासमोर उभे असलेले उमेदवार तिथे एका टेबलाला इडली खाताना आणि एकमेकांना चिमटे काढताना दिसतात. मला ते बघून बरं वाटतं.

निळी_पहाट

मला या धाग्याबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका.

"चला, एकत्र जेवू" हे म्हणणं ज्याच्या घरी कायम पंगत बसली त्याला सोपं वाटतं. आमच्या वस्तीत एकदा एक नेते जेवायला आले. आधी दोन दिवस रस्ता झाडला गेला. जेवणाच्या दिवशी भांडी बाहेरून आली, जेवण बाहेरून आलं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा बाहेरून आल्या. घर तेवढं आमच्या शेजाऱ्यांचं होतं. त्या घरच्या आजींनी पहाटे उठून केलेली वांग्याची भाजी चुलीवरच राहिली. फोटो मात्र छान आले. त्या दिवशी त्या घरातल्या कोणी नेत्यांना एकही प्रश्न विचारला नाही, कारण विचारायला वेळच ठेवला नव्हता.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या भाषणात स्पष्ट म्हटलंय की सहभोजनाने जात मरत नाही. कितीतरी जातींमध्ये एकत्र जेवण आधीपासून चालतं आणि तरी जात शिल्लक राहते. म्हणून मला जेवणाचं कौतुक कमी आहे. कोण कोणाला बोलावतंय, कोणाच्या भांड्यात, आणि नाही म्हणायची सोय कोणाला आहे, हे आधी बघावं लागतं.

चार्ल्स_नदीकाठ

अमेरिकेतून वाचतेय. २००९ मध्ये व्हर्जिनियातल्या एका शाळेत विद्यार्थिनीने ओबामांना विचारलं होतं की हयात वा दिवंगत कोणासोबत जेवायला आवडेल. त्यांनी गांधींचं नाव घेतलं, आणि गांधी फार खात नसत त्यामुळे जेवण थोडकंच असेल असंही म्हणाले. पण ते ज्यांना मानत होते त्यांचंच नाव त्यांनी घेतलं. कांदेनवमींनी घातलेली अट जास्त अवघड आहे. इथे २०१६ नंतर कितीतरी मराठी घरांत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सासरे आणि जावई राजकारण सोडून सगळ्यावर बोलतात. आमच्याकडेही तेच. नेत्याचं सोडा, सख्ख्या दिराला कसं विचारायचं ते मला कोणी सांगा.

निळी_पहाट

@चार्ल्स_नदीकाठ, गांधींचं नाव निघालंच आहे तर सांगते. माझेही पाहुणे तेच, पण माझं कारण निराळं.

बाबासाहेब आणि गांधी पहिल्यांदा भेटले ते १४ ऑगस्ट १९३१ रोजी, मुंबईत मणिभवनात. "गांधीजी, मला मायभूमी नाही," असं बाबासाहेबांनी तोंडावर सांगितलं. त्या भेटीतलं हे वाक्य राहिलं, बाकी कोणी काय घेतलं काय दिलं हे कोणाला आठवायचं कारण नाही. असं बोलता येणार असेल तर मी कोणाच्याही ताटासमोर बसेन.

मी विचारीन ते पुणे करारावर. २४ सप्टेंबर १९३२. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यात आम्हाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, करारात १४८ झाल्या, हे मला माहीत आहे. संख्या वाढली. पण स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि आमचा प्रतिनिधी कोण हे ठरवायला इतरांची मतं निर्णायक झाली. बापू, तुम्ही येरवड्यात अन्न सोडून बसलात तेव्हा नाही म्हणायची सोय बाबासाहेबांना होती का? एवढा एकच प्रश्न. आणि उत्तर मिळेपर्यंत ताट वाढून ठेवीन.

जुनी_वही

अप्रतिम प्रतिसाद. यावरून पुण्यातलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवलं. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनऱ्यांनी पुण्यातल्या नामवंतांना व्याख्यानाला बोलावलं आणि नंतर चहा-बिस्किटं ठेवली. हजर मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशींनी कोण कोण तिथे होतं त्याची नावंच वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा खटला, चाललं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्र त्यांच्यावर नाराज झाले.

म्हणजे रानडे आणि टिळक हे एकमेकांचे विरोधक एका खोलीत चहाला बसले याचं कोणाला काही वाटलं नाही. मिशनरी घरचा चहा, हा गुन्हा ठरला. निळी_पहाट म्हणतात तो "कोणाच्या भांड्यात" हा प्रश्न तेव्हा पुण्याच्या मोठ्यातल्या मोठ्या माणसांनाही चुकला नाही.

गोदाकाठची_माजी_सरपंच

कांदेनवमीताई, मी मराठवाड्यातल्या एका गावाची सरपंच होते. महिला राखीव झालं म्हणून उभी राहिले, निवडून आले. तुमच्या शरद जोशींच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

पहिलं दीड वर्ष कागद समजून घेण्यात गेलं. ग्रामसेवक मालकांनाच फोन करायचे, "साहेब, सही पायजे." मी मालकांना सांगितलं, फोन उचलायचा नाही. मग हळूहळू ग्रामसेवक माझ्याशी बोलायला लागले. तिसऱ्या वर्षी नळयोजनेचं काम मंजूर करून आणलं. टाकी उभी राहिली, पाइप निम्म्या गावात टाकले आणि मुदत संपली. पुढच्या वेळी तहसीलला सोडत निघाली, आरक्षण बदललं. पॅनलवाले म्हणाले, वहिनी, आता तुम्ही आराम करा. जो आला त्याला टाकीत रस नव्हता, ते काम आमच्या काळातलं ना.

तर मतदारसंघ फिरला की निगा कोण राखणार, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. मी तो भोगलाय. आणि हेही खरं की आरक्षण नसतं तर मला कोणी विचारलं नसतं, सात जन्मात नाही. दोन्ही खरं आहे. ते हयात असते तर मी तुमच्या ओट्यावर आले असते. तुम्ही एका बाजूने धरायचं, मी दुसऱ्या.

कांदेनवमी

ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. या, ओटा मोठा आहे.

पण एक सांगते. १९९३ च्या आधी, आरक्षण नसताना, संघटनेच्या महिला आघाडीने स्वतःच्या जोरावर सगळ्या बायकांचं पॅनल निवडून आणलं होतं. जळगावात विटनेर, यवतमाळला मेटीखेडा. म्हणजे आरक्षणावाचून जमतं यावर त्यांचा विश्वास बसण्याला आधार होता. माझं म्हणणं, अशी गावं किती? चळवळ उभी असलेल्या गावात जमलं. ज्या गावात चळवळच नाही तिथल्या बाईने काय करायचं? हा माझा त्यांना खरा प्रश्न आहे.

उन्हाळ_कांदा

शरद जोशी म्हटल्यावर मला राहवत नाही. ताई, तुम्ही कांद्याच्या मुलखातल्या, तुम्हाला सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला निर्यातबंदी, ती मार्चअखेर संपणार म्हणून सांगितलं आणि पुन्हा वाढवली. उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासकट. बाहेर भाव असताना आमचा माल लासलगावच्या ओट्यावर मातीमोल. चाकणला १९८० मध्ये पुणे-नाशिक रस्ता अडवला होता तो कांद्यासाठीच. बर्नची टपाल संघटनेतली नोकरी सोडून आंबेठाणच्या कोरडवाहूत स्वतः कांदा लावून बघितला, मग बोलले. "भीक नको, हवे घामाचे दाम." जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला सगळे शिव्या देत होते तेव्हा ते म्हणाले बाजार खुला करा. बरोबरच होते. मी त्यांना जेवायला बोलवीन, पण मला त्यांचं मत पटतंच, मग अट मोडते ना?

हिरवी_मिरची

@उन्हाळ_कांदा, मोडते. आणि मला त्यांचं तेच पटत नाही. बाजार खुला म्हणजे बाहेरचा माल आत यायलाही खुला. दोन एकरवाल्याने कांदाचाळ बांधायला पैसा आणायचा कुठून? भाव पडला की साठवणारा तगतो, बाकीचे त्याच दिवशी विकून मोकळे. सरकारने पूर्ण अंग काढून घेतलं तर पहिला कोण मरतो ते सांगा.

उन्हाळ_कांदा

सरकारने अंग घातल्यावर कोण मेला ते मी वर तारखांसकट दिलंय. विदेशी खरेदीदार एकदा पाकिस्तान, इजिप्तकडे वळला की परत यायला वर्षं लागतात.

व्यवस्थापक

कांदा भाव आणि निर्यात धोरणासाठी स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. इथे मूळ विषयावर लिहा.

खवय्या_करवीर

कांदा गेला तर जेवणात राहिलं काय व्यवस्थापक साहेब?

मांडवीकाठ

आमच्या गोंयची गोष्ट सांगतो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. आमचं घर पक्कं फुलाचं, मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, भाऊसाहेब बांदोडकरांना मानणारं. आजोबा मराठी शाळेत मास्तर. कौल लागला, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, आणि फूल हरलं. आजोबा नंतर कित्येक वर्षं डॉ. जॅक सिक्वेरांचं नावसुद्धा घेत नसत.

मी सिक्वेरांना बोलवीन. हुमण, शीत, सुक्या बांगड्याची किसमूर. विचारायचं एवढंच की आमच्यासारखी मराठीत वाचणारी, मराठीत भजनं म्हणणारी हिंदू घरं तुम्हाला त्या वेळी कशी दिसत होती? आम्ही तुम्हाला गोंयकार वाटत होतो का? मी स्वतः आज वेगळ्या गोव्याच्या बाजूचा आहे. आजोबांच्या बाजूने तो प्रश्न विचारायचा राहून गेलाय. निकालाचं मला वाईट वाटत नाही. आजोबांनी समोरच्याचं कधी ऐकूनच घेतलं नाही आणि समोरच्यांनी आजोबांचं, याचं वाटतं.

राष्ट्र_सेवा_नातू

एकत्र जेवणाने काय होतं आणि काय होत नाही याचं उदाहरण आणीबाणीतल्या तुरुंगांत आहे. माझे आजोबा समाजवादी, नाशिकरोडला स्थानबद्ध. बराकीत संघाचे लोक शेजारी. बाहेर असताना हे दोघे एका रस्त्याने जात नसत. आत जेवण एक, वाढपी आळीपाळीने, आजारी पडलं तर पेज करून देणारा दुसऱ्या पक्षाचा. आजोबा त्यातल्या काहींची नावं शेवटपर्यंत प्रेमाने घ्यायचे.

पण पुढे? १९७७ मध्ये जनता पक्ष झाला, आणि दोनच वर्षांत जनता पक्षात राहून संघातही असण्याच्या, म्हणजे दुहेरी सदस्यत्वाच्या प्रश्नावर समाजवाद्यांनीच ठाम भूमिका घेतली. मधू लिमये त्यात आघाडीवर होते. १९८० मध्ये भाजप वेगळा झाला. तुरुंगातल्या जेवणाने मतभेद मिटले नाहीत आणि मिटायलाही नको होते. आजोबांचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं. फक्त "ते लोक" असं ते कधी म्हणाले नाहीत, नाव घेऊन बोलायचे. त्यांना ज्यांच्याशी वाद घालायचा होता ती माणसं त्यांच्या ओळखीची होती.

लाटणं_मोर्चा

@राष्ट्र_सेवा_नातू, १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर एकत्र आल्या. एक समाजवादी, एक मार्क्सवादी. दोन्ही पक्षांचं आपसात किती पटायचं ते जुन्या लोकांना विचारा. पण तेल, रॉकेल, साखर मिळत नव्हती, आणि बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. एकत्र जेवण्यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

यमुनातीर

दिल्लीतून. ९ फेब्रुवारी २०२४. पंतप्रधान मोदींनी संसदेच्या उपाहारगृहात आठ खासदारांना सोबत जेवायला नेलं. वेगवेगळ्या पक्षांचे होते, आपल्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावितही होत्या. विरोधी बाकांवरच्यांत कोल्लमचे आरएसपीचे प्रेमचंद्रन आणि बसपचे रितेश पांडे होते. केरळात माकपने प्रेमचंद्रन यांच्यावर टीकेची झोड उठवली, हे भाजपकडे चालले म्हणून. ते कुठेही गेले नाहीत, त्याच वर्षी कोल्लममधून पुन्हा निवडून आले. रितेश पांडे मात्र त्याच महिन्यात भाजपमध्ये गेले.

एकच टेबल, एकच जेवण. तेव्हा जेवलं म्हणजे विकला गेला असंही नाही, आणि कार्यकर्त्यांची भीती अगदीच खोटी असंही नाही. मतदाराने जेवणाचा फोटो बघू नये, नंतरचं मतदान बघावं.

निळी_पहाट

@यमुनातीर, आणि पंतप्रधानांनी "चला" म्हटल्यावर नाही म्हणणं किती खासदारांना जमेल? मी वर म्हटलं ते हेच.

नीरा_डावा_कालवा

बारामतीचं कोणीच कसं लिहिलं नाही? २ मार्च २०२४ ला नमो महारोजगार मेळाव्यासाठी मुख्यमंत्री शिंदे, फडणवीस आणि अजित पवार बारामतीत येणार होते. पक्ष फुटलेला, लोकसभा तोंडावर. शरद पवारांनी पत्र लिहून तिघांनाही आपल्या घरी, गोविंदबागेत जेवायचं आमंत्रण दिलं. शिंदे-फडणवीसांनी आधीच ठरलेले कार्यक्रम सांगून नम्र नकार कळवला. जेवण झालं नाही, पण मेळाव्यात सगळे एकाच व्यासपीठावर होते. आमच्या गावात तेव्हा आठवडाभर एकच चर्चा, गेले असते तर काय झालं असतं.

माझं मत, जायला हवं होतं. पाहुणा दारात आला की त्याला जेवल्याशिवाय पाठवत नाहीत ही आपल्याकडची रीत आहे. ती पाळल्याने कोणाचं मत कमी होत नाही.

गिरगाव_चाळ_क्र_४

मोरारजी देसाई. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर जानेवारी १९५६ मध्ये झालेला गोळीबार आमच्या आजीने खिडकीतून पाहिला. चाळीतले लोक त्यांचं नाव घेताना आजही दात खातात. त्यांना बोलवायचं तर अडचण जेवणाचीच, त्यांचा आहार दूध, फळं आणि सुकामेवा. चालेल, सफरचंद कापून देऊ. विचारायचं की हुतात्मा चौकातून कधी गाडी गेली तर तुम्ही बाहेर बघायचात का. आजीला हे विचारायचं होतं, तिच्या वतीने मी विचारीन.

वारणाकाठ

सगळे दिवंगतांना बोलावताय. मी हयात माणसाला बोलावलं होतं, म्हणून लिहितो. नाव देत नाही.

आमच्या भागातले एक आमदार. मी त्यांना कधी मत दिलेलं नाही. धाकट्या भावाच्या वास्तुशांतीला वडिलांनी रीतीने आमंत्रण दिलं आणि ते खरंच आले. गर्दी ओसरल्यावर मी शेजारी बसलो आणि वाडीवरच्या शाळेचं विचारलं. पटसंख्या वीसच्या खाली म्हणून ती दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळायचं घाटत होतं. मधे ओढा, पावसाळ्यात पाणी चढतं. ते म्हणाले, दोन शिक्षकांवर सहा पोरं परवडत नाहीत, मोठ्या शाळेत पोरांना सोबत मिळते, खेळ मिळतो, गाडी देऊ. मी म्हटलं, गाडी ओढ्यातून कशी जाईल? त्यांना ओढा माहीत नव्हता. पोळी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडून नकाशा काढून घेतला, कुठून रस्ता, कुठे फरशी.

शाळा वाचली का? नाही. पुढच्या वर्षी मिसळली. फरशीवर पूल मात्र झाला. मी पुढच्या निवडणुकीतही त्यांना मत दिलं नाही आणि त्यांना ते माहीत आहे. रस्त्यात भेटले की अजूनही ओढ्याचं विचारतात. ज्यांना हे जेवण व्यर्थ वाटतं त्यांना मी पूल दाखवीन. आणि ज्यांना त्यात सगळं मिळतं असं वाटतं त्यांना बंद पडलेली शाळा.

चार्ल्स_नदीकाठ

@वारणाकाठ, ओढ्याचा प्रश्न. मी दिराला असंच काहीतरी नेमकं विचारायला हवं. "तुम्ही त्याला मत दिलंतच कसं" याने कोणी बोलत नाही. त्यांच्या मुलाच्या इन्शुलिनच्या किमतीवरून सुरुवात करते.

जुनी_वही

मूळ प्रश्नाकडे येतो. महिला आरक्षणाचा कायदा अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, १०६ वी घटनादुरुस्ती. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध ०. विरोधातल्या दोघांपैकी एक आपल्याच औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते, दुसरे ओवैसी. त्यांचा आक्षेप वेगळा, मुस्लिम आणि ओबीसी महिलांना आत वाटा नाही हा. पण कायद्यात अंमल जनगणना आणि पुनर्रचनेनंतर ठेवलाय, आणि राखीव जागा त्यापुढच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरवण्याची तरतूदही आहे. म्हणजे शरद जोशींनी २०१० मध्ये एकट्याने ज्यावर बोट ठेवलं तो जागा फिरवण्याचा प्रकार, दर निवडणुकीला नसला तरी, अजून जागेवर आहे. कांदेनवमी, तुमची आई काय म्हणते यावर?

कांदेनवमी

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. काल तिला हा सगळा धागा सांगितला, माजी सरपंच ताईंची टाकीसुद्धा. आई म्हणाली, फिरवायचं असेल तर जागा फिरवू नका, पक्षांना सांगा की तीनातलं एक तिकीट बाईला द्या, कुठल्या गावाला ते पक्षाने ठरवावं. मग जिने काम केलं तिला तिथेच परत उभं राहता येईल.

मला हे बरोबर वाटतंय. आरक्षण हवं यावर मी ठाम आहे, शरद जोशींचं मत चुकलं यावरही ठाम आहे. पण आता त्यांना "विरोधात मत का दिलंत" असं विचारणार नाही. पर्याय माहीत होता तर मतदानाआधी गावोगावच्या आम्हा बायकांना बोलावून तो मांडला का नाहीत, असं विचारीन. चांदवडला बोलावलं होतंत ना, तसं.

गोदाकाठची_माजी_सरपंच

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पण तिकिटाचा उपाय मला पुरता पटत नाही. पक्ष हरायच्या जागा बायकांना देतील आणि आकडा पूर्ण करतील. आमच्याकडे पंचायत समितीला हेच केलं होतं. त्यापेक्षा जागा फिरवायचीच तर दोन मुदतींनी फिरवा, दहा वर्षं मिळू द्या. टाकी पूर्ण होते तेवढ्यात.

कांदेनवमी

दहा वर्षं! आईला विचारते. तुम्ही कधी येताय ते सांगा, बाजरी नवीन आलीय.